मापावर तारीख घाल

मशीन घेतलंस ते छान केलंस. पण परवा तुझी आई फोनवर म्हणाली, "ती म्हणतेय, आधी पाच किलो उतरवते, मग पहिला ब्लाउज शिवते," तेव्हा मला राहवेना, म्हणून हे लिहायला बसले. वजन उतरवायचं की नाही ते तू आणि तुझे डॉक्टर बघा. कापडाला त्यात अडकवू नकोस. आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतले मी. ‘जरा बारीक झाले की शिवेन’ म्हणून ठेवलेली कापडं पुढे कुठे जातात ते मला पक्कं ठाऊक आहे. रेशमी असलं तर घडीवर विरतं, साधं टू बाय टू असलं तर हळदीकुंकवाला कुणाच्या तरी ओटीत जातं. तीही ते शिवत नाही, पुढच्या ओटीत घालते. तेव्हा शिव, आणि आजच्या अंगावर शिव.

पहिलं काम म्हणजे मापाची वही कर. शंभर पानी पुरे. पानाच्या वर तारीख घाल आणि मगच पहिला आकडा लिही. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी हे सांगितलं की मुली हसायच्या. पण माप म्हणजे काही जन्मपत्रिका नव्हे, एकदा मांडली की संपलं. बाळंतपणानंतर ते बदलतं, थायरॉईडने बदलतं, पाळी जायच्या सुमारास कंबर आणि पोट वेगळंच वळण घेतात. एवढंच कशाला, पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात पुष्कळ जणींची छाती जड होते. त्या दिवसांत माप घेऊन अंगासरसा ब्लाउज बेतलास तर पुढच्या आठवड्यात तो सैल होणार. सहा महिन्यांहून जुनं माप दिसलं की नवं घे. जुन्यावर काट मारू नकोस, शेजारी नवा रकाना आख. कुठला ब्लाउज कुठल्या मापावर शिवला होता हे उसवायच्या वेळी कळायला लागतं.

आणि खरं माप लिही. टेलरसमोर श्वास रोखून, पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या बायका मी ढिगाने पाहिल्या. मग लग्नाच्या पंगतीत दुसरी जिलबी घेताना त्यांचा हात पहिल्यांदा हुकावर जातो. रोज जशी उभी राहतेस तशी उभी राहा, श्वास सोड, मग टेप लाव. ज्या ब्रावर ब्लाउज घालणार तीच ब्रा अंगात हवी; नाहीतर टक्सचा पॉइंट अर्धा-पाऊण इंच वरखाली होतो आणि छातीवर भलत्याच जागी टोक उभं राहतं. टेप पाठीवर खाली घसरलेला नाही ना, ते आरशात बघ. शोल्डर आपलं आपल्याला घेता येत नाही. नवऱ्याला शिकव, या हाडापासून त्या हाडापर्यंत, एवढंच तर आहे. रेक्झिनचा स्वस्त टेप वापरून वापरून ताणतो, म्हणून अधूनमधून स्टीलच्या पट्टीवर ठेवून पडताळ. जुळला नाही तर टाकून दे. बऱ्याच बायकांचा वाढलेला-घटलेला अर्धा इंच टेपचाच असतो.

डावं-उजवं दोन्ही मोज. एक खांदा उतरलेला, एक छाती किंचित मोठी, एक दंड जाड, हे जवळजवळ प्रत्येकीचं असतं. पर्स कायम एकाच खांद्यावर अडकवणारीचं तर हमखास. तुझा गळा एका बाजूला ओघळतो म्हणून तू कापणाऱ्याला नावं ठेवत होतीस ना? त्या बाजूच्या खांद्याची शिलाई पाव इंच उतरती घे. संपला विषय.

छाती भरलेली असली की बायका आणखी एका गोष्टीत फसतात, आणि त्यात टेलरही फसतात. छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेचं एकच माप घेतात आणि त्यावरून शोल्डर, मुंढा, गळा सगळं मोठं कापतात. मग गळा उघडा पडतो, बाही दंडावर घरंगळते, आणि बाईला वाटतं की आपलं अंगच बेढब. खरं म्हणजे छाती मोठी म्हणून हाडं रुंद होत नाहीत. दोन मापं घ्यायची. एक काखेतून जाणारं वरच्या छातीचं, दुसरं नेहमीचं. वरच्या मापावर खांदा आणि मुंढा बेतायचा, आणि दोन्हींतला फरक मोठा असेल तर जास्तीचं कापड फक्त कटोरीत किंवा प्रिन्सेस कटच्या शिवणीत सोडायचं. हे एवढं एक कळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. कुर्त्याचंही तसंच. पोटामुळे पुढची बाजू वर उचलली जाते आणि मागची लोंबते. पुढच्या भागाची उंची इंचभर वाढव, खालची कड सरळ दिसेल. पोटावर घट्ट इलॅस्टिकची चड्डी चढवण्यापेक्षा हा इंच स्वस्त पडतो.

आता मुंढा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझं सगळं दुखणं दंडाचं आहे हे मला माहीत आहे. तू लहानपणापासून हात अंगाला चिकटवून फोटो काढतेस.

दंड जाड असलेली बाई टेलरला सांगते, "मुंढा मोठा ठेवा, काचतो." टेलर मुंढा खोल कापतो. घरी येऊन ती हात वर करते, आणि सगळा ब्लाउज हाताबरोबर वर जातो, खालून पोट उघडं पडतं. मग ती पुढच्या वेळी आणखी खोल मुंढा मागते. वर्षानुवर्षं हेच. अगं, मुंढा जितका खाली तितकी हाताला मोकळीक कमी! बाही जिथे अंगाला जोडली जाते ती जागा काखेपासून लांब गेली, की हात उचलताना बाही बाजूची शिवण धरून वर ओढते. मुंढा काखेच्या जेमतेम अर्धा-पाऊण इंच खाली असू दे, हात वर केलास तरी ब्लाउज जागचा हलणार नाही. काचतं ते बाहीच्या घेरात. तिथे कापड द्यायचं. दंडाचा सगळ्यात जाड भाग मोज आणि बाहीला त्याहून किमान इंच-दीड इंच सैल ठेव. बाहीचा वरचा गोल थोडा कमी उंच काप, म्हणजे बाही रुंद होते आणि हात फिरतो. साधं सुती कापड असेल तर बाही उरेब काप. तिरप्या धाग्याला ताण असतो, ती दंडाबरोबर सैलावते आणि आवळत नाही.

बाहीची कड कुठे येते तेही बघ. दंडाच्या सगळ्यात जाड जागी कड आली, की रबर बांधल्यासारखी रेघ उमटते आणि वर-खाली मांस फुगतं. कड दोन बोटं खाली आण, किंवा थेट कोपराच्या वर ने. बिनबाह्यांचा घालावासा वाटत असेल तर तोही घाल. त्याचा मुंढा मात्र आणखी थोडा वर हवा, आणि कडेची उरेब पट्टी लावताना जराशी ताणून लाव, म्हणजे ती अंगाला टेकून राहते, फाकत नाही. जाड दंडावर बिनबाह्यांचा ब्लाउज वाईट दिसतो असं म्हणतात, त्यात निम्मा दोष फाकलेल्या मुंढ्याचा असतो. उरलेला निम्मा म्हणणाऱ्याच्या डोळ्यांचा.

आपल्या आज्या-पणज्यांना हा ताप नव्हता. खणाची गाठीची चोळी, पुढे गाठ मारायची. पोट असो, बाळ अंगावर पीत असो, म्हातारपणी अंग उतरलेलं असो, गाठ त्या दिवसापुरती सैल किंवा आवळ. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यालाही आकडा नाही. हुकं आली, टक्स आले, ब्लाउज अंगासरसा झाला, तेव्हापासून अंगाने कपड्याबरोबर राहायची सक्ती सुरू झाली. म्हणून काही मी गाठीची चोळी घालायला सांगत नाही. पण चांगल्या शिंपिणीने त्या गाठीची सोय हुकाच्या ब्लाउजात आणलेली असते, आणि ती म्हणजे माया.

बाजूच्या शिवणीत आत दीड ते दोन इंच माया सोड आणि तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर दोन-तीन टिपा मार. आतली एक टीप उसवलीस, की शिवण अर्धा इंच बाहेर सरकते. पुढचं-मागचं मिळून एका बाजूला इंच, दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच. दहा मिनिटांचं काम. अस्तरालाही तेवढीच माया हवी, नाहीतर वरचं सुटतं आणि अस्तर तटतं. काखेत माया गोळा होऊन टोचते, तिथे कात्रीने बारीक खाचा दे. रेशमी कापडावर जुन्या टिपेची भोकं दिसतात, म्हणून त्याला अकरा नंबरची बारीक सुईच लाव. जाड सुती किंवा खणासाठी चौदा, आणि जीनच्या कापडाला सोळा. तयार कपड्यात माया शोधू नकोस. तिथे पाव इंचावर ओव्हरलॉक मारून मोकळे होतात, कापड वाचतं ना त्यांचं.

तयार कपड्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. एका दुकानात तुला मीडियम येतो, शेजारच्या दुकानात एक्सएलही चढत नाही, आणि तू तोंड पाडून घरी येतेस. त्या अक्षरांना काही एक प्रमाण असतं असं तुला वाटतं, इथेच चूक होते. अमेरिकेत १९३९-४० साली तिथल्या शेती खात्याने, हो, शेती खात्यानेच, सुमारे पंधरा हजार बायकांची अंगभर मापं घेतली, प्रत्येकीची ५९. त्यात गोऱ्या बायकांचीच मापं हिशेबात धरली. त्यावरून पुढे १९५८ मध्ये तिथली प्रमाण मापं ठरली, आणि अंगाशी ती जुळेनात म्हणून १९८३ मध्ये सरकारने ती मागेही घेतली. आपल्याकडे तर कित्येक वर्षं परदेशी तक्तेच जरा इकडेतिकडे करून वापरले. आपल्या अंगाचा तक्ता हवा म्हणून केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पैशावर निफ्टने ‘इंडियासाइज’ नावाची मोजणी हाती घेतली. सहा शहरं, त्यात आपली मुंबई, आणि १५ ते ६५ वयाची २५ हजारांवर माणसं स्कॅनरने मोजायचं उद्दिष्ट. म्हणजे ट्रायल रूममध्ये तुला न चढलेला तो कुर्ता तुझ्यासारख्या बाईला कुणी मोजून बेतलेलाच नव्हता. कॉलरमागचं लेबल पहिल्या दिवशी उसवून टाक. मी माझ्या सगळ्या कपड्यांची उसवते. टोचतातही मेली.

कापड आधी भिजव. रात्रभर साध्या पाण्यात, रंगीत असेल तर पहिल्यांदा वेगळं, रंग किती जातो ते कळतं. अस्तर तर हमखास भिजव; वरचं कापड आटत नाही आणि अस्तर आटतं, मग पहिल्या धुण्यातच ब्लाउजाला सुरकुत्या पडतात आणि आपण म्हणतो, जाडी वाढली. वाळवताना पिळू नकोस, धागा तिरका होतो. उभा धागा सरळ धरूनच काप. पहिलं कटिंग वर्तमानपत्रावर, दुसरं जुन्या चादरीवर, तिसरं चांगल्या कापडावर. चादरीचा कच्चा ब्लाउज घालून हात वर कर, खाली वाक, खुर्चीत बस, बाळ उचलल्यासारखं कर. आरशासमोर ताठ उभं राहून फिटिंग बघणं निरुपयोगी. आपण दिवसभरात किती वेळ ताठ उभ्या असतो?

कापडाची कात्री वेगळी ठेव, आणि घरातल्यांना स्पष्ट सांग की दुधाची पिशवी त्या कात्रीने कापली तर रात्रीचं जेवण मिळणार नाही.

रंगांच्या आणि रेघांच्या उपदेशाकडे लक्ष देऊ नकोस. ‘जाड बाईने आडव्या रेघा घालू नयेत’ हे तू दुकानातल्या पोरापासून सासूपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं असशील. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच दाखवून ठेवलंय, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बायकांच्या कपड्यांची चित्रं दाखवून पुन्हा तपासलं, तर आडव्या रेघांनी बाई जाड दिसते हे काही खरं ठरलं नाही. तरी दुकानातला पोरगा अजून तेच सांगतो. तुला इरकलीची रुंद आडवी पट्टी आवडते ना, मग त्याच कापडाचा कुर्ता शिव. काळा रंग आवडत असेल तर काळा घाल, पण लपायला म्हणून नको. तुझं कपाट उघडलं तेव्हा मला तर दुखवट्याचं घर वाटलं.

आता परकराची नाडी. इथे मात्र मी तुला बजावून सांगते. कंबर बारीक दिसावी, निऱ्या घसरू नयेत म्हणून नाडी आवळून बांधतेस, आणि संध्याकाळी कमरेवर काळी खाच असते. आपल्या सगळ्यांच्याच कमरेवर ती असते, म्हणून तिचं काही वाटत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत छापली. दोघींच्या कमरेवर नाडीच्या जागी वर्षानुवर्षं घासून घासून न भरणारी जखम झाली आणि तिचा त्वचेचा कॅन्सर झाला. एक होती सत्तर वर्षांची, परकरावर साडी नेसणारी. दुसरी साठी उलटलेली. ती तर परकर घालतच नव्हती, लुगडं कमरेला घट्ट खोचायची. असं होणं दुर्मीळच आहे, घाबरू नकोस. पण कमरेवर साल निघाली, खाज सुटली, रंग बदलला, जखम चिघळली, तर पावडर थापून तिच्यावर पुन्हा नाडी बांधायची नाही. डॉक्टरला दाखवायचं.

आणि मशीन घरात आलंच आहे, तर पहिला परकर असा शिव. वर नेफ्याऐवजी दोन-अडीच इंच रुंद दुहेरी पट्टा, बाजूला उघडं, तिथे दोन हुकं, आणि इंच-इंचावर आकड्यांच्या दोन ओळी, म्हणजे जेवल्यावर सैल करता येतो. भार रुंद पट्ट्यावर वाटला जातो, निऱ्याही नीट राहतात. नाडीच हवी असेल तर गोल दोरीऐवजी सपाट, रुंद नाडी ओव, आणि रोज एकाच रेघेवर न बांधता कधी बोटभर वर, कधी खाली. घरी आल्यावर आधी ती सैल कर, मग चहा टाक.

लोक बोलणारच. लग्नघरात पाऊल टाकलं की कुणीतरी म्हणणार, "अगं बाई, किती सुटलीस!" बारीक झालीस तर त्याच म्हणणार, "बरं नाही का तुला?" त्यांना उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस, सरळ कपड्यावर आण. "हा ब्लाउज मी शिवलाय, काठ बघा कसे जुळवलेत." बायकांचं लक्ष हातशिलाईकडे वळलं की पाच मिनिटांत त्या आतली बाजू उलटून बघायला लागतात आणि वजनाचं विसरतात. हा उपाय मी किती तरी मांडवांत वापरलाय, अजून फसलेला नाही. आणि तू स्वतः कुणाचं माप घेशील तेव्हा तोंड बंद ठेव. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, ‘मागच्या वेळेपेक्षा वाढलं हं’ म्हणायचं नाही, दार लावून घ्यायचं. वयात येणाऱ्या मुलीचं माप घेताना तर दुप्पट सांभाळ. आईने शेजारून मारलेला एक शेरा ती जन्मभर वागवते. माझ्या क्लासात आयांना मी बाहेरच्या बाकावर बसवायची.

उगाच हुरळून तासन्‌तास शिवायला बसू नकोस, दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास खूप झाला. कटिंग एका दिवशी, टाचून ठेवणं दुसऱ्या, मशीनवर तिसऱ्या. दमलेल्या डोक्याने कटिंग कधीच करू नये, उसवणं मात्र दमलेलं असताना चांगलं होतं, विशेषतः कुणावर राग आला असेल तर. खुर्ची अशी हवी की कोपर मशीनच्या पाटाच्या पातळीला येईल. डायनिंग टेबलावर मशीन ठेवलंस तर ते उंच पडतं, खांदे कानाला लागतात आणि मान धरते. उजेड डाव्या बाजूने घे. अर्ध्या तासाने उठ, लांब बघ, पाणी पी. क्रोशा विणताना अंगठा दुखायला लागला तर जाड मुठीची सुई घे, आणि एक दिवस थांब. रुमाल कुठे पळून जात नाही. चाळिशीनंतर सुईत दोरा जाईना तर चष्मा लाव. डोळे बारीक करून, दोरा चाटून चाटून नेम धरणाऱ्या बायका मला बघवत नाहीत. दोरा तिरका काप, हातभरच घे, त्यावर मेणाचा तुकडा फिरव. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गाठी पडतात.

कपाटात एक कप्पा ‘कधीतरी होतील’ अशा कपड्यांचा असणारच. तो या दिवाळीच्या आधी रिकामा कर. एकेक कपडा उलटा करून माया बघ. असेल तर सोडव आणि घाल. नसेल तर बाजूला दोन बोटं रुंद पट्टी जोड, त्याच रंगाची मिळाली नाही तर सरळ विरुद्ध रंगाची, म्हणजे मुद्दाम केल्यासारखी दिसते. तेही जमत नसेल आणि कापड सुती असेल, तर गोधडीला घे. खाली-वर जुन्या सुती साड्या, मधे दोन-तीन थर, आणि वरती तुझ्या न होणाऱ्या कुर्त्यांचे तुकडे. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, म्हणजे मधे फुगा येत नाही. सिंथेटिक अजिबात मिसळू नकोस. घसरतं, आणि घाम पीत नाही. गोधडी जमिनीवर पसरून शिवताना गुडघ्यांचं बघ, पाट घे. कॉलेजातला तो निळा कुर्ता हँगरवरून रोज टोमणे मारतो. त्याचा चौकोन होऊन पायावर आला की उपयोगी पडेल.

पैशांचं. तुला येतं म्हटल्यावर नातेवाईक येतील. "एवढं फॉल-बिडिंग करून दे ना, तुला काय, मशीन आहेच." पहिल्यालाच दर सांग. हसून सांग, पण सांग. दोऱ्याचं रीळ, अस्तर, हुकं, वीज, आणि तुझा वेळ. फुकट शिवलेल्या ब्लाउजात खोडी जास्त काढतात, हा माझा पक्का अनुभव आहे. ज्यांना खरंच फुकट द्यावंसं वाटेल त्यांना मात्र मोजमाप न ठेवता दे.

अशा एका कामासाठीच मला तू हवी आहेस. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी दोऱ्याचे विणलेले स्तन करतात, ठाऊक आहे का तुला? अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाईंचं २०११ मध्ये असं ऑपरेशन झालं. जखमेवर ब्राच्या आत नेहमीचा कृत्रिम स्तन लगेच लावता येईना, तेव्हा त्यांना हे विणकामाचे स्तन कळले, आणि मग त्यांनी ते विणून बायकांना फुकट द्यायचं काम उभं केलं. ‘निटेड नॉकर्स’ म्हणतात त्याला. आपल्याकडेही असे विणणारे गट आहेत. सिलिकॉनचा स्तन महाग असतो, जड असतो, आपल्या उन्हाळ्यात खाली घाम साचतो. सुती दोऱ्याचा हलका, धुता येणारा.

विणायला अवघड काहीच नाही. मधून सुरुवात, गोल गोल फिरत टाके वाढवत जायचे, मग मागची बाजू बंद करत आणायची. टाके लहान आणि घट्ट, नाहीतर आतला पॉलिएस्टरचा कापूस डोकावतो. मागे मधोमध सोडलेल्या फटीला दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे जिला जेवढं भरलेलं हवं तेवढा कापूस ती काढते किंवा घालते, दुसऱ्या बाजूशी जुळवून घेते. दोरा मऊ सुती हवा. लोकर चालत नाही, नव्या व्रणाला टोचते. गाठ आतल्या बाजूला, अंगाला लागेल अशी एकही नको. आणि हे वापरायचं जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यायचं. आकार लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे लागतात. मोठे विणायला वेळ जास्त जातो म्हणून ते नेहमी कमी पडतात.

तुझा क्रोशा माझ्यापेक्षा सफाईदार आहे, आणि माझा अंगठा आता फार वेळ साथ देत नाही. येत्या रविवारी ये. पांढरा नको, आपल्या रंगाला जुळतील असे बदामी आणि तपकिरी दोरे आण, आणि ती मापाची वहीही घेऊन ये.